लोखंडी सवतीला आवतण

ज्या बोटीला मी पंधरा वर्षं शिव्या घातल्या, तिच्याच अंगाला मी शेवटी हळद-तूप चोळलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की बाईनं लपवलं. लपवायचा माझा स्वभावच नाही. सासरी आले तेव्हापासून सगळे म्हणत, हिच्या जिभेला हाड नाही. नसेल. पण त्या जिभेनं एका माणसाला फार दुखवलं, आणि ते निस्तरायला मला थेट कोकणातल्या एका बंदरावर जावं लागलं, त्याची ही गोष्ट.

आमचं गाव भातकुलीच्या पलीकडचं, खारपाणपट्ट्यातलं. जमीन काळीभोर, पण जमिनीखालचं पाणी खारट. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, पिकाला दिलं तर पीक करपतं. पावसावर येईल ते खरं. अशा गावचा माणूस नौदलात कसा काय गेला, असं लोक अजून विचारतात. यांचं आजोळ कौंडण्यपूरचं. तिथं वर्धा नदीत पोहायला शिकले, एवढ्या एका गुणावर भरतीला उभे राहिले आणि लढाऊ बोटीवर इंजिनखात्यात लागले. पहिल्या सुट्टीत घरी आले तेव्हा मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, विचारलं, "समुद्राचं पाणी कसं असते रे?"

"आपल्या विहिरीसारखंच हाये, बाबा," हे म्हणाले. "फक्त जास्त हाये."

लग्न झालं आणि महिन्याच्या आत हे परत बोटीवर गेले. त्यानंतर वर्षातून एकदा घरी यायचे. आले की तोंडात सारखी बोट. ती अशी वळते, तिचं इंजिन असं बोलतं, पावसाळ्यात ती अशी डोलते. मी चुलीसमोर भाकरी थापत ऐकायची. एकदा म्हटलं, "घरात दुसरी आणून बसवली असती तं निदान भाकरीले हात तं लावला असता तिनं." हे हसले. तेव्हापासून बोटीचं नाव घरात पडलं, लोखंडी सवत.

दर हिवाळ्यात त्या बोटीवर घरच्या माणसांसाठी एक दिवस असायचा. नवऱ्याची बोट पाहायला बायका-पोरं जायची, बोट त्यांना समुद्रात एक चक्कर मारून आणायची, वर जेवायला घालायचे. दर वर्षी यांचं पत्र यायचं. पत्रात ख्यालीखुशाली, पोरीची चौकशी, आणि शेवटी एक ओळ ठरलेली, "या वर्षी तरी ये. तुले इंजिन दाखवतो." मी उलट टपाली कळवायची, कापसाची वेचणी चालू आहे, जमत नाही. खोटं नव्हतं. हिवाळा म्हणजे आमच्याकडे वेचणीचाच. पण खरं तेवढंच नव्हतं. मला जायचंच नव्हतं.

मग एका वर्षी मामंजी गेले. तार केली तेव्हा बोट भर समुद्रात. हे पोहोचले ते तेरवीच्या दिवशी, पंगत उठत असताना. घरात पुरुष माणूस नव्हतं, तर सगळं मी निभावलं होतं, दोन वर्षांची पोर कडेवर घेऊन. यांना दारात पाहिलं आणि माझ्या पोटातलं सगळं ओठावर आलं. पाहुण्यांच्या देखत म्हटलं, "तुमच्या त्या सवतीचं तोंड पाहाचं नाही मले. मरेपर्यंत नाही."

हे "बरं" म्हणाले आणि पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायला गेले.

तरी पुढच्या हिवाळ्यात पत्र आलंच, आणि त्यात ती ओळ होतीच. त्यानंतरच्या हिवाळ्यातही होती. या माणसानं कधी आवाज चढवला नाही, कधी टोमणा मारला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, मला निदान उत्तर देता आलं असतं.

तोपर्यंत आमच्याकडचे दिवस फिरले होते. पाऊस तोंड दाखवून जायचा आणि परत यायचाच नाही. कपाशीवर अळी यायची, अळी नाही आली तर लाल्या यायचा, पानं लाल होऊन झाड उभ्या उभ्या वाळायचं. त्या वर्षांबद्दल पेपरात पुष्कळ छापून आलं, ते मी परत सांगत नाही. मी आमच्या गावच्या बाजाराचं सांगते. बैलबाजाराच्या दिवशी रस्त्यानं नुसते बैल जाताना दिसायचे, येताना दिसायचे नाहीत. चारा नाही तर ठेवणार कसे? पाच-पाच वर्षं एका दावणीला असलेल्या जोड्या लोकांनी फोडून दिल्या. आमच्या शेजारची बाई बैल नेताना घराचं दार लावून आत बसली होती. मी तिला बोलवायला गेले, तर आतून म्हणाली, "ते नजरेआड होऊ दे, मंग येतो."

आमचे दोन्ही बैल दावणीलाच राहिले. दूरच्या गावाहून कडबा आणायचो, महाग पडायचा, पण आणायचो. पोरीची शाळा सुटली नाही. शेताचा एक कोपराही गेला नाही. हे सगळं कोणाच्या जिवावर, ते मला कळत नव्हतं असं नाही. महिना भरला की त्या बोटीवरून पगार यायचा, पाऊस पडो न पडो. मी रोज तिच्या जिवावर खात होते आणि रोज तिला नावं ठेवत होते. कळत होतं, पण मानायला जड जात होतं.

आता खांदशेकणीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांद्याला घट्टा पडलेला असतो, त्याला हळद-तूप चोळायचं, आणि चोळता चोळता बैलाला जेवायचं आवतण द्यायचं: "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." एकदा आवतण दिलं की दिलं. दुसऱ्या दिवशी बैलानं पुरणाची पोळी खाल्ल्याशिवाय घरातल्या कोणी तोंडात घास घालायचा नाही. हे काम खरं पुरुषांचं. पण मामंजी गेलेले, हे समुद्रात. म्हणून मीच करू लागले. पहिल्या वर्षी गाव हसलं. दुसऱ्या वर्षी कोणी बघायलाही आलं नाही. दहा-बारा वर्षं केलं म्हणजे हाताला आणि तोंडाला सवयच होऊन जाते. हात खांद्यावर फिरला की तोंडातून आवतण आपोआप निघतं.

आमचा थोरला बैल म्हातारा झाला, त्याच्यानं उठवेना, तरी आमच्या गोठ्यातच राहिला. लोक म्हणाले, काढून टाका. मी म्हटलं, त्यानं आमच्या घरचं खाल्लं त्याच्या दसपट आम्ही त्याचं खाल्लं. तो त्याच्या वेळेनं गेला, आपल्या दावणीजवळ. असं म्हणायची ऐपत मला त्या बोटीनं दिली होती.

पंधरा वर्षं भरली आणि हे पेटी घेऊन कायमचे घरी आले. त्या रात्री जेवताना एकदाच बोलले, "एकदा आली असती तं बरं झालं असतं." बस. पुढे पोरीच्या शिक्षणासाठी आम्ही अमरावतीत येऊन राहिलो, हे एका कारखान्यात बॉयलरवर लागले, तिथूनही रिटायर झाले, पोरीचं लग्न होऊन ती अकोल्याला गेली. एवढ्या वर्षांत ते वाक्य त्यांनी परत उच्चारलं नाही. पण माझ्या मनातून ते गेलं नाही, अजिबात नाही.

एके दिवशी सकाळी हे ओसरीत पेपर वाचत होते. चहा गार झाला तरी हात लावेनात. मग पेपर घडी घालून ठेवला आणि उगाचच गाडी पुसायला लागले, काल पुसलेली. मला शंका आली. पेपर उघडून पाहिला. आतल्या पानावर छोटी बातमी होती. नौदलातून निवृत्त झालेली एक जुनी बोट कोकणच्या किनाऱ्याजवळ मुद्दाम बुडवणार. तळाशी गेल्यावर तिच्यावर शेवाळं, प्रवाळ धरेल, मासे राहायला येतील, पाणबुडे लोक ती बघायला जातील. नाव यांच्या बोटीचं.

मी अंगणात गेले. म्हटलं, "भंगारात नाही देऊन राहिले तं. माशाचं घर करून राहिले."

"हो," हे म्हणाले.

"मंग चला."

"कुठी?"

"कुठी म्हणजे? तिले पाहाले. हिवाळाच हाये."

यांनी फडकं गाडीवरच टाकलं. मग म्हणाले, "तुले गुडघ्यानं जमन का?" मी म्हटलं, गुडघ्याचं मी बघते, तुम्ही तुमच्या साखरेच्या गोळ्या घ्या. यांना मधुमेह आहे. वेळेवर खाल्लं नाही तर हात थरथरतात.

बडनेऱ्याहून गाडी धरली. अकोल्याच्या फलाटावर पोरगी डबा घेऊन आली होती, तो द्यायला गाडीत चढली. मी तिला फोनवर हळकुंडाची घरची हळद आणि तुपाची बाटलीही आणायला सांगितली होती. तिला वाटलं आईच्या गुडघ्याला लावायला. म्हणाली, "आई, तुपानं गुडघे बरे होत नाहीत." मी म्हटलं, "तू गाडीतून उतर आधी, सुटून राहिली." सगळं काय पोरींना सांगायचं असतं का?

दोन गाड्या बदलून बंदराच्या गावी पोहोचलो ते दुसऱ्या दिवशी उतरत्या उन्हात. एका बाईनं घरातली एक खोली दिली. तिनं विचारलं, "खंयसून इलास?" मी म्हटलं, अमरावतीहून. तिनं अमरावती ऐकलेली नव्हती, मी तिचं गाव ऐकलेलं नव्हतं, फिटंफाट झाली. सामान टाकलं आणि तसेच धक्क्यावर गेलो.

बोट तिथं उभी होती. मी कल्पना केली होती त्यापेक्षा मोठी, आणि त्यापेक्षा फार केविलवाणी. राखाडी रंगाचे पोपडे निघालेले. तोफ काढलेली, वायरी काढलेल्या, नंबर पुसलेला. अंगाला ठिकठिकाणी दाराएवढी भोकं पाडलेली, त्यातून आरपार आभाळ दिसत होतं. मी म्हटलं, "काय केलं हे तिचं?"

"ते लागते," हे म्हणाले. "पाणबुडा आत गेला तं त्याले बाहेर याले वाट पाहजे. माशाले बी पाहजे. तेलाचा थेंब ठेवला नसन आत, धुऊन काढली असन." असं सगळं समजावून सांगत होते, पण डोळे दुसरीकडे होते. एका भोकाकडे बघून म्हणाले, "तिथी आमचं इंजिन होतं."

पंधरा हिवाळे जे दाखवायला हा माणूस मला बोलवत होता, ते काढून नेलं होतं. तिथं नुसतं भोक होतं. मला रडू आलं आणि मी रडले. लपवलं नाही.

धक्क्यावर पहारेकरी होता, आमच्याच वयाचा. यांनी आपलं जुनं ओळखपत्र दाखवलं. तो म्हणाला, वर जाता येणार नाही, पण जवळ उभे राहा हवं तर. नेणार कधी, असं यांनी विचारलं. तो म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत नेतील."

मी पिशवीतून हळद काढली, तळहातावर तूप घेतलं, कालवलं. यांना विचारलं, "हिचा खांदा कुठी हाये?"

दुसरा कोणी असता तर हसला असता. यांनी नीट विचार केला. मग पुढच्या बाजूला, जिथून नांगराची साखळी बाहेर येते तिकडे हात केला. "ओढ इथी येते," म्हणाले. त्याच्या खाली धक्क्यावरून हात पोहोचत होता, पण मध्ये हातभर पाण्याची फट होती. यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि मी वाकून त्या लोखंडावर हात ठेवला. दिवसभराच्या उन्हानं ते कोमट होतं. मी चोळू लागले. मनात म्हटलं, बाई, तू माझं घर राखलंस, माझ्या पोरीला शिकवलंस, माझे बैल बाजारात जाऊ दिले नाहीस. मी तुला नाही नाही ते बोलले. माफ कर. आणि हात फिरता फिरता तोंडातून मोठ्यानं निघालं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी थबकले. हेही थबकले.

"अवं," हे म्हणाले, "आवतन देऊन बसली तू तिले."

"निंघालं तोंडातून."

"मंग आता जेवू घाला लागन."

हे थट्टेनं बोलत नव्हते, आणि मलाही ती थट्टा वाटली नाही. बाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटेल. पण मी आयुष्यात बैलाला दिलेलं आवतण कधी मोडलं नव्हतं. आणि या माणसानं मला दिलेली पंधरा आवतणं मी एकामागून एक मोडली होती. म्हटलं, हे सोळावं मोडायचं नाही. काही झालं तरी नाही.

पहाटे उठून घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात शिरले. हरभऱ्याची डाळ रात्रीच भिजवली होती. तिला सांगितलं, बोटीसाठी पुरण घालायचं आहे. ती म्हणाली, "बोटीक पुरणपोळी?" आणि पुढे काही न विचारता गूळ काढून दिला. भली बाई. पुरण शिजवलं, वाटलं, पोळ्या लाटल्या, वर तूप सोडलं. ती म्हणाली, एवढं पुरण भरतात? मी म्हटलं, आमच्याकडे पोळीत पुरण असतं, पुरणाची आठवण नसते. नऊ वाजता डबा भरून आम्ही धक्क्यावर.

धक्का रिकामा होता.

दोर बांधायचे खुंट तेवढे होते. पहारेकरी म्हणाला, "पहाटेच गेली. पाचची भरती होती ना, तेव्हाच ओढून नेली."

मी यांच्याकडे पाहिलं. हे त्या खुंटावरच बसले. "दुपारी ओहोटी असते," म्हणाले. "भरल्या पाण्याशिवाय निंघतच नाही ती इथून. मले ध्यानात याले पाहजे होतं. पंधरा वर्षं समुद्रात काढले अन् भरती विसरलो." पहारेकऱ्याला त्यांनी एक शब्द लावला नाही. आपल्यालाच दोष देत बसले. मी एरवी अशा वेळी तोंड सोडलं असतं. पण त्या दिवशी म्हटलं, "चूक कोणाची ते घरी जाऊन ठरवू. दिवस मावळला नाही अजून."

घरमालकिणीच्या दिराची मासेमारीची होडी होती. तो लोकांना बघायला घेऊनच चालला होता, आम्हाला पुढे जागा दिली. मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्रावर गेले. एक हात होडीच्या काठाला आणि एक हात मांडीवरच्या डब्याला. तोंडावर पाणी उडालं, जिभेला लागलं. यांनी विचारलं, "कसं हाये?" मी म्हटलं, "विहिरीसारखं." बंदरावरून निघाल्यापासून हे पहिल्यांदा हसले.

बोट खोल पाण्यात एकटी उभी होती. सभोवती नौदलाच्या छोट्या होड्या, त्या कोणाला जवळ जाऊ देत नव्हत्या. आम्ही लांब थांबलो. दुपारी केव्हातरी तिच्यातली माणसं उतरली आणि हे म्हणाले, "आता पाणी सोडलं असन आत." पण दिसत काहीच नव्हतं. ती आपली उभी. तासभर गेला. मला वाटलं, हिला जायचंच नाही.

"भेव एकच हाये," हे हळूच म्हणाले. "सरळ बसली पाहजे. कुशीवर पडली तं वाटा बुजतात, कामाची नाही राहत. मंग भंगार अन् हे सारखंच." तेव्हा मला दिसलं, त्यांचे हात थरथरत होते.

"तुमी सकाळी काय खाल्लं?"

यांनी हात मांडीखाली दडवले. घरमालकिणीनं पोहे दिले होते ते यांनी तिच्या कोंबड्यांना घातले, हे मला नंतर कळलं.

"अहो, काय खाल्लं?"

"आवतन दिलेलं जेवल्याबिगर कोणी खाते का?" हे म्हणाले. "तू तरी कुठी खाल्लं?"

मला इतका राग आला आणि इतकी माया आली, दोन्ही एकदमच. पिशवीत गुळाचा खडा उरला होता, तो त्यांच्या तोंडात कोंबला. म्हटलं, हे जेवण नाही, औषध आहे. त्यांनी मुकाट्यानं चघळला.

मग बोटीचा मागचा भाग हळूहळू खाली जाऊ लागला. भोकांमधून पाणी आत शिरताना पांढरं दिसत होतं. एकदा ती डाव्या अंगाला कलली आणि यांनी माझं मनगट धरलं, काल धरलं होतं तसंच. कलली, थांबली, परत सावरली. आतली हवा बाहेर पडली तिचा लांब आवाज आला, बैल बसताना सुस्कारा सोडतो तसा. पुढचा भाग वर उचलला गेला, आणि जिथं मी हळद चोळली होती ती जागा मला लांबूनही ओळखू आली, की मला तसं वाटलं, देव जाणे. मग ती गेली. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी मोबाइल धरले होते. हे होडीत उभे राहिले, ताठ. होडी हलत होती, पण हे हलले नाहीत. शिकलेलं अंग विसरत नाही म्हणायचं.

आम्ही वाट पाहत राहिलो. ऊन पिवळं व्हायला लागलं. मी सारखी सूर्याकडे बघत होते, कारण आवतण आजचं होतं, उद्याचं नव्हतं. शेवटी पाणबुडे वर आले आणि एका होडीकडून दुसऱ्या होडीकडे निरोप येत आमच्यापर्यंत पोहोचला, सरळ बसली. हे खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. त्यानंतर थोड्या वेळानं होड्यांना पुढे सोडलं. जागेवर लाल तरंगता गोळा बांधला होता. खाली काही दिसत नव्हतं, हिरवं पाणी नुसतं.

मी डबा उघडला. पहिली पोळी मोडून पाण्यात सोडली. दुसरी यांनी दोन्ही हातांवर घेतली, बैलापुढे धरतात तशी, आणि पाण्याला लावून सोडून दिली. पुरण पिवळं पिवळं होत खाली जाऊ लागलं. काहीच झालं नाही. मी आणखी एक पोळी सोडली. होडीवाला आमच्याकडे बघत होता. दिवस आता पाण्याला टेकायला आला होता. मला वाटलं, उशीरच केला आपण, नेहमीसारखा.

मग पाण्यात काहीतरी चमकलं. एक, मग चार-पाच, मग एकदम पुष्कळ, बोटाएवढे चांदीसारखे मासे. पोळीच्या तुकड्यांवर तुटून पडले, तुकडे ओढत खाली नेऊ लागले, खाली तिच्याकडे. होडीवाला वाकून बघत म्हणाला, "बघा वयनी, जेवूक इले."

त्याला आमच्या आवतणाचं काहीच माहीत नव्हतं. डब्यात दोन पोळ्या उरल्या होत्या. एक यांच्या हातावर ठेवली.

म्हटलं, "मी याले लय उशीर केला."

यांनी पोळी मोडली, पहिला घास मला दिला आणि म्हणाले, "आली ना."

मग आम्ही जेवलो.